पाच गिगाहर्ट्झपासून मागे येताना

प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालू करायला मला एक संध्याकाळ पुरली. तो तिथे भरवशाने चालत नाही हे स्वतःशी कबूल करायला मात्र पुढचे जवळजवळ तीन आठवडे लागले. आज तोच प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झवर चालतो. मधल्या काळात काय केले, कुठे फसलो आणि कोणत्या लक्षणाचा अर्थ शेवटी काय निघाला, ते क्रमाने लिहून ठेवत आहे. कारण ओव्हरक्लॉकिंगविषयी, म्हणजे प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने चालवण्याविषयी, वाचताना यशस्वी आकडे भरपूर सापडतात, पण त्या आकड्यांच्या आधीचा गोंधळ लिहून ठेवण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

माझ्याकडचा प्रोसेसर इंटेलचा कोअर आय७-८७००के आहे; २०१७च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेला, सहा कोअर, म्हणजे स्वतंत्र गणनकेंद्रे, आणि बारा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धारा, असलेला. त्याची मूळ गती ३.७ गिगाहर्ट्झ. एकाच कोअरवर भार असेल तर टर्बो या गती आपोआप वाढवणाऱ्या सोयीमुळे ती ४.७पर्यंत चढते आणि सहाही कोअर कामाला जुंपले की ४.३वर स्थिरावते. नावाच्या शेवटी असलेल्या ‘के’चा अर्थ असा की त्याच्या मल्टिप्लायरला कुलूप नाही. १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला मल्टिप्लायरने गुणले की कोअरची गती मिळते, त्यामुळे मल्टिप्लायर ४८ केला की ४.८ गिगाहर्ट्झ, इतका सरळ हिशेब. एके काळी हे इतके सरळ नव्हते. १९९८ साली आलेल्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा मल्टिप्लायर ४.५ला पक्का बांधलेला होता, म्हणून हौशी लोकांनी बसची गतीच ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५०वर पळवला. एका बदलात पन्नास टक्के! आता तेवढी शिल्लक कुणी ठेवत नाही. टर्बोच्या रूपाने उत्पादकच ती बरीचशी वापरून टाकतो. सहाही कोअरचा विचार केला तर ४.३वरून ४.८ ही वाढ जेमतेम बारा टक्क्यांची आहे, आणि हा सगळा खटाटोप त्या बारा टक्क्यांसाठी होता, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिला दिवस मी काहीही न वाढवता केवळ मोजण्यात घालवला. महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून घेतली आणि त्या फायलींचा डिस्क ड्राइव्ह केबलसकट सोडवून बाजूला ठेवला, कारण अस्थिर प्रोसेसर किंवा अस्थिर रॅम केवळ बंद पडत नाही, ती डिस्कवर चुकीचे लिहूनही ठेवू शकते. मग सर्व कोअरवर भार देऊन गती पाहिली, तर ४.३ऐवजी ४.७ दिसली. मी कशालाही हात लावला नव्हता. शोध घेतल्यावर कळले की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ मांडणीत, ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ नावाची सोय मुळातच चालू होती. ती एका कोअरसाठी असलेली सर्वोच्च टर्बो गती सहाही कोअरना देऊन टाकते. म्हणजे संगणक विकत घेतल्या दिवसापासून मी ओव्हरक्लॉकिंग करतच होतो, फक्त मला कुणी सांगितले नव्हते. त्याहून वाईट म्हणजे मदरबोर्डने स्वतःच्या मर्जीने त्यासाठी १.३२ व्होल्ट लावले होते आणि तापमान ८८ अंशांवर गेले होते. ‘ऑटो’ या पर्यायामागचे गणित साधे असते: कुणाच्याही हाती पडलेला सर्वांत कमकुवत नमुनाही बंद पडू नये एवढे व्होल्टेज द्यायचे. माझा नमुना तितका कमकुवत नव्हता. हाताने व्होल्टेज लावल्यावर तीच ४.७ची गती १.२० व्होल्टमध्ये मिळाली आणि तापमान ७४ अंशांवर आले. एवढ्यावरच थांबलो असतो तरी शहाणपणाचे ठरले असते.

कूलरचा एक दोषही याच दिवशी उघड झाला. सहा कोअरपैकी सर्वांत थंड आणि सर्वांत तापलेल्या कोअरमध्ये १४ अंशांचा फरक दिसत होता. या प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर नसून पेस्ट आहे, त्यामुळे थोडा फरक राहणारच, पण १४ अंश जरा जास्त वाटले. कूलर काढून पाहिला तर थर्मल पेस्टचा ठसा एका कडेला उमटलाच नव्हता. पेस्ट पुसून नव्याने लावली आणि या वेळी चारही स्क्रू एकेक करून पूर्ण न आवळता समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवत बसवले. सर्वांत तापणारा कोअर सहा अंशांनी खाली आला. झाकणच उघडून आतली पेस्ट बदलण्याला डीलिडिंग म्हणतात आणि या पिढीच्या प्रोसेसरवर ते पुष्कळांनी केले आहे. माझी तेवढी छाती झाली नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष चढण सुरू झाली. पद्धत अशी होती की मल्टिप्लायर एकाने वाढवायचा, विंडोज चालू होते का ते पाहायचे, सिनेबेंच या गती मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तीन-चार फेऱ्या घ्यायच्या, आणि त्यात टिकले तरच प्राइम९५ला हात घालायचा. टिकले नाही तर व्होल्टेज ०.०१६ने वाढवून पुन्हा पहिल्यापासून. प्राइम९५ हे मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर आहे, पण त्याला आपले उत्तर आपणच तपासता येत असल्यामुळे प्रोसेसरची परीक्षा घेण्यासाठी ते फार सोयीचे पडते. गणितात चूक आढळली की ते ‘राउंडिंग ०.५ आले, ०.४पेक्षा कमी अपेक्षित होते’ अशा अर्थाचा निरोप देऊन तेवढाच थ्रेड थांबवते आणि बाकीचे अकरा आपापले काम चालू ठेवतात. हा निरोप पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भीतीपेक्षा कौतुकच जास्त वाटले, कारण संगणक बाहेरून अगदी धडधाकट दिसत होता. माउस हलत होता, खिडक्या उघडत होत्या, आणि आत एका कोअरचा हिशेब चुकत होता.

४.८ला १.२३२ व्होल्ट लागले. ४.९ला १.२८. ५.०ला १.३४४. हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिल्यावर चित्र स्पष्ट झाले: पहिल्या पायरीनंतर पुढच्या प्रत्येक पायरीला व्होल्टेजची किंमत वाढत जात होती. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती गतीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.८वरून ५.०वर जाताना गती चार टक्क्यांनी वाढते, पण १.३४४ला १.२३२ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग १.१९ येतो, आणि त्याला गतीच्या वाढीने गुणले की १.२४. म्हणजे चार टक्के कामासाठी चोवीस टक्के उष्णता. हा हिशेब मी पहिल्याच संध्याकाळी केला होता आणि तरीही ५.०वरच अडून बसलो, कारण पाच हा पूर्णांक आहे. दुसरे कोणतेही कारण मला आज देता येत नाही.

व्होल्टेजविषयी एक गोष्ट समजायला मला दोन दिवस लागले. बायोसमध्ये लिहिलेला आकडा, प्रोसेसर मागतो तो आकडा आणि त्याला प्रत्यक्ष मिळतो तो आकडा, असे तीन वेगळे आकडे असतात. तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हीआयडी’ म्हणून दिसते ती प्रोसेसरची मागणी, आणि ‘व्हीकोअर’ म्हणून दिसते ते मदरबोर्डच्या संवेदकाने मोजलेले. भार आला की प्रवाह वाढतो आणि वाटेतल्या विरोधामुळे व्होल्टेज खाली बसते. हा विरोध अवघा एक मिलिओहम धरला तरी १०० अँपिअरच्या प्रवाहाला ०.१ व्होल्टची घट होते, आणि पूर्ण भाराखालच्या सहा कोअरना १०० अँपिअर ही काही अवाजवी मागणी नव्हे. ही घट भरून काढण्यासाठी बायोसमध्ये ‘लोड लाइन कॅलिब्रेशन’ असते. ते जितके कडक ठेवाल तितके भाराखाली व्होल्टेज कमी बसते. मला वाटले, मग सर्वांत कडक का ठेवू नये? तसे ठेवले आणि आकडा खरोखर जागचा हलेना. पण भार अचानक सुटतो त्या क्षणी काय होते, हे सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसत नाही. प्रवाह एकदम कमी झाला की व्होल्टेज क्षणभर वर उसळते आणि कॅलिब्रेशन जितके कडक तितकी ती उसळी मोठी. संवेदकाची नोंद सेकंदाला एकदा होते आणि उसळी मायक्रोसेकंदांत संपून जाते. म्हणजे पडद्यावर सरळ रेघ पाहून मी खूश होत होतो आणि प्रोसेसरला मात्र अधूनमधून मी ठरवलेल्या मर्यादेपलीकडचे व्होल्टेज सोसावे लागत असणार. शेवटी मधली पातळी निवडली आणि भाराखाली थोडी घट राहू दिली. येथे एक सावधगिरी अशी की काही मदरबोर्डवर पहिली पातळी सर्वांत कडक असते आणि काहींवर तीच सर्वांत सैल, त्यामुळे दुसऱ्याच्या बोर्डवरचा क्रमांक आपल्याकडे उचलून लावणे धोक्याचे आहे.

पाचव्या दिवशी ५.० गिगाहर्ट्झवर प्राइम९५ सहा तास न चुकता चालले. एव्हीएक्स नावाच्या, प्रोसेसरला जास्त तापवणाऱ्या जड सूचना बंद ठेवल्या होत्या, तापमान ८६ अंश होते, आणि मी काम फत्ते झाले असे समजून बसलो.

आता एकच कमतरता वाटत होती. व्होल्टेज कायमचे बांधलेले असल्यामुळे संगणक रिकामा असतानाही प्रोसेसरला १.३ व्होल्टच्या वरच मिळत होते. म्हणून मी ‘ऑफसेट’ पद्धत निवडली, जिच्यात प्रोसेसरच्या स्वतःच्या मागणीत ठरावीक आकडा मिळवला किंवा वजा केला जातो. ५.०वर त्याची मागणी मला हव्या असलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त होती, म्हणून ०.०८ व्होल्ट वजा केले. भाराखाली नेमके जुनेच व्होल्टेज मिळाले, प्राइम९५ पुन्हा तासभर चालले, आणि मी संगणक तसाच चालू ठेवून झोपलो. सकाळी पाहतो तर तो मध्यरात्री केव्हातरी आपोआप नव्याने सुरू झालेला. निळा पडदा नाही, चूक सांगणारा संकेतांक नाही; इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद, जिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता.

मी वीजपुरवठ्याच्या युनिटवर संशय घेतला. दुसरे युनिट मागून आणून जोडण्यात आणि पुन्हा काढण्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत संगणक आणखी तीनदा असाच पडला, आणि तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की कामात असताना तो एकदाही पडलेला नाही. पडतो तो रिकामा असताना, किंवा काम संपल्यावर लगेच. मग उलगडा झाला. ऑफसेट केवळ वरच्या टोकाला लागू होत नाही, तो खालपासून वरपर्यंत सगळ्याच गतींना लागू होतो. ५.०वर वजा झालेले ०.०८ व्होल्ट रिकाम्या अवस्थेतल्या ०.८ गिगाहर्ट्झवरही वजा होत होते, आणि तिथे कारखान्याने ठरवलेले व्होल्टेज मुळातच काटकसरीचे असते. मी सहा तास ज्या टोकाची कसून परीक्षा घेतली होती ते भक्कम होते. दुसऱ्या टोकाकडे मी पाहिलेच नव्हते. यावर उपाय म्हणजे ‘अडॅप्टिव्ह’ पद्धत, जिच्यात आपण दिलेला आकडा टर्बोच्या वरच्या भागालाच लागतो आणि खालची कोष्टके कारखान्याची तशीच राहतात. ती लावल्यापासून रिकामा संगणक पुन्हा पडला नाही. तेव्हापासून माझ्या चाचण्यांमध्ये एक रात्र काहीही न करण्याची असते, आणि एक संध्याकाळ दर दोन मिनिटांनी भार चालू-बंद करण्याची.

यापुढचा प्रसंग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेला. माझे खरे काम व्हिडिओचे रूपांतर आणि मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचे कंपायलिंग हे आहे, त्यामुळे त्याच्या जवळची एक चाचणी मी स्वतः रचली. सेव्हन-झिपने बांधलेली एक मोठी फाईल पुन्हा पुन्हा उघडून तपासायची, एवढेच. आत साठवलेली बेरीज आणि नव्याने काढलेली बेरीज जुळली की फेरी उत्तीर्ण. तीस फेऱ्या जुळल्या, एकतिसाव्या फेरीला ‘सीआरसी’ची चूक आली, आणि बत्तिसावी पुन्हा जुळली. फाईल बिघडलेली असती तर बत्तिसावीही चुकली असती. म्हणजे फाईल ठीक होती; एकदाच, कसलाही गाजावाजा न करता, संगणकाने तिचे चुकीचे वाचन केले होते. संगणक बंद पडतो तेव्हा तो निदान आपली चूक कबूल तरी करतो. इथे मी केवळ योगायोगाने बेरजा तपासत होतो म्हणून कळले; एरवी हीच चूक एखाद्या फायलीत कायमची जाऊन बसली असती.

साहजिकच दोष कोअरच्या वाढीव गतीला दिला. पण या वेळी वीजपुरवठ्याच्या युनिटचा धडा ताजा होता, म्हणून व्होल्टेज वाढवण्याआधी कोअर पूर्णपणे कारखान्याच्या गतीवर नेले आणि तीच चाचणी चालवली. नऊ तासांनी चूक पुन्हा आली. म्हणजे कोअर निर्दोष होते. मग उरली रॅम, आणि तेव्हा कुठे आठवले की पहिल्याच दिवशी मी बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या वेष्टनावरची जास्त गती देणारी सोय, चालू केले होते. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा डीडीआर४-२६६६ची आहे. माझी रॅम ३२००वर चालत होती आणि तिचे व्होल्टेज नेहमीच्या १.२ऐवजी १.३५ होते. रॅमच्या वेष्टनावर ३२०० छापलेले असते आणि बायोसमध्ये एका कळीने ते चालू होते, म्हणून त्याला कुणी ओव्हरक्लॉकिंग म्हणत नाही, पण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या दृष्टीने ते दुसरे काहीच नाही. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चार फेऱ्या रॅमने सुरुवातीला निर्वेध पार केल्या होत्या. मात्र त्या वेळी सहा कोअर बाजूला तापत नव्हते. रॅम ३०००वर आणल्यावर दोनशे फेऱ्या एकही चूक न होता पार पडल्या. रूपांतराच्या वेळेत या बदलाने मला मोजण्याजोगा फरक आढळला नाही.

रॅम मार्गी लागल्यावर पुन्हा ५.०वर गेलो आणि या वेळी इव्हेंट व्ह्यूअर उघडाच ठेवला. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, पण कंपायलिंग चालू असताना ‘व्हेआ-लॉगर’ या हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या विंडोजच्या घटकाच्या नावाखाली क्रमांक १९च्या नोंदी पडू लागल्या: सुधारलेली हार्डवेअर चूक, प्रोसेसर कोअर, अंतर्गत पॅरिटी. प्रोसेसरला आपली चूक सापडली आणि त्याने ती स्वतःच दुरुस्त केली, असा त्याचा अर्थ. काही जण या नोंदींकडे दुर्लक्ष करतात, कारण चूक शेवटी सुधारली गेलेली असते. मला ते पटत नाही. जी चूक पकडली गेली तिच्या शेजारी न पकडली गेलेली चूक किती दूर असेल, हे त्या नोंदीत लिहिलेले नसते. १.३६ व्होल्टवरही नोंदी थांबल्या नाहीत. १.३५ ही मी आधीच ठरवलेली मर्यादा होती, कारण जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांच्या जोडीने चिपमधील वाहक हळूहळू झिजतात आणि आज पुरेसे असलेले व्होल्टेज काही काळाने अपुरे पडू लागते. मर्यादा ओलांडून ०.०१ व्होल्ट पुढे आलो होतो आणि अजून पुढे जाण्याचा विचार करत होतो, तेव्हा बाजूला ठेवलेला हिशेबाचा कागद पुन्हा काढला.

माझे एक ठरावीक रूपांतर कारखान्याच्या गतीवर साठ मिनिटांत होत होते, ४.८वर चोपन्न मिनिटांत आणि ५.०वर बावन्न मिनिटांत. दोन मिनिटांसाठी मी चोवीस टक्के उष्णता, मर्यादेपलीकडचे व्होल्टेज आणि रोज सकाळी नोंदवही तपासण्याची सवय पत्करत होतो. त्या रात्री मल्टिप्लायर ४८वर आणला, एव्हीएक्सच्या जड सूचनांसाठी मल्टिप्लायरचा ऑफसेट दोनचा ठेवला म्हणजे तेवढ्यापुरती गती ४.६वर उतरते, व्होल्टेज अडॅप्टिव्ह पद्धतीने १.२३२ दिले आणि ही सगळी मांडणी बायोसमध्ये स्वतंत्र प्रोफाइल म्हणून आणि शिवाय एका पेनड्राइव्हवर साठवली. सीमॉस पुसण्याची, म्हणजे बायोसमधली सगळी मांडणी मूळ स्थितीवर आणण्याची, वेळ या तीन आठवड्यांत चारदा आली होती आणि दर वेळी प्रत्येक आकडा नव्याने भरावा लागला होता.

दोन महिने काहीही घडले नाही. मग हवा तापली, खोलीचे तापमान २४वरून ३३ अंशांवर गेले आणि प्रोसेसरचे तापमानही तितकेच वर सरकले. त्या दिवसांत एका दुपारी क्रमांक १९ची एकच नोंद दिसली. व्होल्टेज १.२४८ केले, फाईल तपासण्याची चाचणी रात्रभर पुन्हा लावली आणि सोडवून ठेवलेला डिस्क ड्राइव्ह आणखी आठवडाभर बाहेरच राहू दिला. आठ दिवसांनी तो जोडला. नोंदवही त्यानंतर कोरी आहे. ती मी अजूनही महिन्यातून एकदा उघडतो.